कंटेनरात उभा राहणारा केसरीनाथ

केसरीनाथबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही कितीतरी वर्षं एकाच गोडाऊनच्या दारात उभे राहिलो, पण त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते तो वारल्यानंतर. संध्याकाळी घरी निघताना गोडाऊनसमोरच्याच रस्त्यावर त्याला ट्रेलरची धडक बसली होती. अशा वेळी काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही. शेवटी त्याची बायको पुतळाबाई आपणहून म्हणाली, "दोन वर्सं मीच त्यांच्या ताटातल्या मासलीचं कांटं काढून देत व्हती. दिसतच नव्हतं त्यांना. कुनाला सांगू नको म्हनलं व्हतं."

मी चहा तसाच ठेवून उठलो. त्याच्या आंधळेपणाचा सुगावा मला होताच. पण तो इतका जुना असेल असं वाटलं नव्हतं.

भिवंडीतली आमची पॉवरलूम बंद झाली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. काल्हेरच्या बाजूला नवी गोडाऊनं उठत होती, तिथे मला गेटवर नोकरी मिळाली. आमच्याकडून ऑफिसचं सामान आफ्रिकेला जायचं. फिरत्या खुर्च्या, लोखंडी कपाटं, कागदाचे गठ्ठे, फायली, स्टेपलर. सगळं कंटेनरात भरायचं, दाराला सील ठोकायचं आणि न्हावाशेव्याच्या बंदरात पाठवायचं. तिथून जहाज मोंबासाला. मधे दार कोणी उघडत नाही. आत काही बिघडलं तर ते पलीकडच्या किनाऱ्यावरच कळतं.

म्हणून भरण्याआधी रिकामा कंटेनर तपासावा लागतो. पत्र्याला गंजून भोक पडलं असेल तर समुद्रावर पाणी आत शिरतं. तपासायची रीत साधी होती. एक माणूस आत उभा राहायचा, बाहेरून दारं बंद करायची. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर कंटेनर परत. काहीच दिसलं नाही तर चांगला.

आत उभा राहायचा तो केसरीनाथ. भरणाऱ्या पोरांना ते काम नको असायचं. उन्हाळ्यात आत भट्टी असते, आणि दार लागलं की काहीजणांचा जीव घाबरा होतो. केसरीनाथ लहानपणापासून बापाबरोबर खाडीत जाळी टाकायला जायचा, अंधाराची त्याला भीती नव्हती. ज्या जमिनीवर गोडाऊन उभं होतं तिथे पूर्वी त्याचं भाताचं शेत होतं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण कंटेनरातून त्याचा आवाज येईपर्यंत ट्रेलरचा ड्रायव्हर, हमाल, मी, सगळे गप्प उभे राहायचे. मग आतून एकच शब्द यायचा, "कालोख!" मी दार उघडायचो, तो कपाळ पुसत बाहेर यायचा आणि काम सुरू व्हायचं. दिवसभरात त्याच्या शब्दावर सगळं थांबायचं ते तेवढंच. ते त्याला फार आवडायचं, एवढं मला कळत होतं.

माझा चष्मा जाड. त्यावरून तो मला छेडायचा. "नाना, चार डोलं असून तुना दिसत न्हाय. मना दोन बास हायेत."

पूर्वी आठवड्यातून एखादा तरी कंटेनर तो परत पाठवायचा. हळूहळू ते बंद झालं. सगळे चांगलेच निघू लागले. गोडाऊन बघणारा मनोज खूश होता. केसरीनाथच्याच गावचा तो, त्याच्या बांधाशेजारच्याचा मुलगा. म्हणायचा, "काका, तुमचा पायगुण! हल्ली यार्डवाले कंटेनर चांगले पाठवायला लागले."

त्याच दिवसांत केसरीनाथ कंटेनरापर्यंत जाताना पत्र्यावरून हात फिरवत जाऊ लागला होता. एकदा चहा ग्लासाच्या बाजूला ओतला. एकदा मी समोर उभा असताना त्याने विचारलं, "नाना कुठं गेला रं?" मी हसलो, त्यालाही हसू आलं, आणि मग तो हसायचा थांबला.

मी धीर करून विचारलं, "केसरी, नीट दिसतं ना तुला?"

"कालोखात काय दिसायचं असतं?" तो म्हणाला आणि आत शिरला.

मी दार लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला बाहेर उभं राहून घाम फुटला. ज्याला उजेड दिसत नाही त्याला प्रत्येक कंटेनर चांगलाच. आणि आम्ही सील ठोकून ते एकामागून एक समुद्रावर पाठवत होतो.

२००७ च्या पावसाळ्यानंतर मोंबासाहून फोटो आले. मनोजने कॉम्प्युटरवर दाखवले. कागदाचे गठ्ठे पावासारखे फुगले होते. कपाटांवर तांबडा गंज, आणि खुर्च्यांच्या कापडावर हिरवी बुरशी.

"काका, माल भिजला," मनोज म्हणाला.

"समिंदरात पानी असतंय, बाबा."

हमाल हसले. मनोज हसला नाही. त्याने केसरीनाथकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दोन-चार दिवसांनी यार्डातून एक जुना कंटेनर आला. मनोज आधी स्वतः आत जाऊन आला आणि मला हळूच म्हणाला, "नाना, आज काकांना यातच पाठवायचं." मीही डोकावलो. दाराजवळ उजव्या बाजूला छताला रुपयाएवढं भोक होतं. खालच्या फळीवर उन्हाचा कवडसा पडला होता.

केसरीनाथ पत्र्याला हात लावत आला. दार लावताना मला राहवलं नाही. पुटपुटलो, "केसरी, आज उजेड आहे."

मी दार लावलं.

आतून आवाज येईना. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. नवशा म्हणून एक हमाल होता, तो म्हणाला, "काका झोपले वाटतं." आत पावलं वाजली, खोल टोकापर्यंत गेली, परत आली. मग हाक आली, "हाय! उजेड हाय!"

माझा जीव भांड्यात पडला. मनोजने दार उघडलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "कुठं, काका?"

केसरीनाथने हात लांब केला. ठामपणे, पूर्वी करायचा तसाच. बोट डावीकडे, आतल्या कोपऱ्याकडे होतं. तिथे धड पत्रा होता. भोक त्याच्या मागे होतं, कवडसा त्याच्या स्वतःच्या खांद्यावर पडला होता.

नवशा हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. केसरीनाथचा हात तसाच होता. कोणी बोलत नाही म्हटल्यावर त्याला समजलं असावं. त्याने हात खाली घेतला.

"काका," मनोज म्हणाला, "आत फार उकडतं. आता नवशा जाईल. तुम्ही नानांच्या शेजारी गेटवर बसा. पगार तोच राहील."

"बसायला मी म्हातारी हाय काय?" केसरीनाथ म्हणाला. पण बसला. दुपारभर माझ्या शेजारी बसला. आत नवशा गेला आणि "अंधार!" म्हणून ओरडला, तेव्हा याने मान वळवली आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. कान रस्त्याकडे होते म्हणायला हवं. एकेक ट्रेलर समोरून जाई, त्याचा आवाज संपेपर्यंत तो हलत नसे. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं असं वाटत राहिलं. त्यालाही बोलायचं असावं. आम्ही दोघंही बोलणाऱ्यांतले नव्हतो.

दिवस कलताना तो उठला. डबा चाचपून घेतला.

"उद्या किती हायेत?" त्याने विचारलं.

"दोन. मोंबासाचेच."

"बरं. येतंय लवकर."

रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागली होती. म्हटलं, "थांब, पलीकडे सोडतो."

"गेट कोन बघंल? बस तू."

"मग माझी बॅटरी तरी ने. अंधारून येतंय."

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," तो म्हणाला. "तुना कमी दिसतंय अलीकडं."