उताऱ्यातला बिबट्या

"बिबट्या कुठून आला? ती ओळ दाखव मला. बोट ठेव त्या ओळीवर."

मास्तर ओरडत होते. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्यांचं घर, घराच्या ओटीवर आमची शिकवणी, आणि आवाज असा की देवळातला नंदी नक्की उठून उभा राहिला असणार. मी पाहायला जाऊ शकलो नाही, कारण माझा कान मास्तरांच्या हातात होता.

"छापलेलं नाहीये सर," मी म्हणालो.

"मग लिहिलंस कशाला?"

"असता तर बरं झालं असतं, असं वाटलं."

उताऱ्यात एक इंग्रज म्हातारी बहिणीकडे चहाला निघाली होती. तिला उशीर का झाला, असा प्रश्न. उत्तर तिसऱ्याच ओळीत होतं : तिचा मोजा फाटला होता. मी लिहिलं होतं की वाटेत बिबट्या आडवा आला.

मॅट्रिकच्या इंग्रजीला मी तिसऱ्यांदा बसत होतो. व्याकरण घोकता येतं, पत्र घोकता येतं, गाईवरचा निबंध तर मी झोपेतही म्हणायचो. पण गोष्टीचा उतारा परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा तोंड दाखवतो. तो घोकणार कसा? दोन्ही वेळा त्यानंच मला बुडवलं होतं. आणि ही शेवटची वेळ होती. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. तिथल्या साहेबांनी त्यांना शब्द दिला होता की पोरगा यंदा मॅट्रिक झाला तर ऑफिसात खुर्ची देतो, पुढच्या वर्षी मात्र माझ्या हातात काही नाही. नाही झाला तर उल्हासनगरच्या कॅम्पातलं एका सिंधी शेठचं कापडाचं दुकान होतंच. शेठनं मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं होतं आणि वडिलांना सांगितलं होतं, "साईं, अंग्रेजी छोडो. लडका ताका अच्छा उठाएगा."

मास्तरांनी औषध दिलं : रोज एक उतारा मोठ्यानं वाचायचा. आता मोठ्यानं वाचायचं म्हणजे ऐकणारं माणूस हवं. आमच्या कुळगावात गोष्ट सांगायची तर समोरच्यानं हुंकार द्यावा लागतो. वाक्य संपलं की हूं, पुढचं संपलं की हूं. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. गाडीचा बैल बसावा तसा बसतो. घरात हुंकार देणारं माणूस एकच, माझी विधवा आत्या. मला आठवतं तेव्हापासून ती भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडेच राहायची, आणि मागच्या पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. इतके तांदूळ निवडायची की तिनं काढलेल्या खड्यांवर शेजारच्या सोनिवली गावापर्यंतचा रस्ता झाला असता.

मी इंग्रजी ओळ वाचायचो, मग ती मराठीत सांगायचो. आत्या हूं म्हणायची. तेवढ्यानं ती ओळ माझ्या डोक्यात बसायची. आत्याच्या हुंकाराशिवाय मला एका ओळीचाही अर्थ लागत नसे.

पण इंग्रजांच्या गोष्टी काय सांगाव्यात. कोणीतरी कोणाकडे जातो, थंडी फार असते, चहा होतो, तो परत येतो. तिसऱ्या ओळीपासून आत्याचा हुंकार बारीक व्हायचा, पाचव्या ओळीला विझायचा. मग मी काय करणार? बारवीच्या रानातून एक बिबट्या आणायचो आणि म्हातारीच्या वाटेवर सोडायचो. आत्या ताठ बसायची. "हूंऽ. मग?" की माझी गाडी सुरू. त्या हिवाळ्यात मी विलायतेत इतके बिबटे सोडले की तिकडे शेळी औषधाला उरली नसेल.

हे सगळं मी मास्तरांना कान सोडवून घेत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बोर्ड हुंकार देत नाही," ते म्हणाले. "जे छापलंय तेवढंच. तुझ्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. उत्तर उताऱ्यातच असतं. बोट ठेव, ओळ शोध, उतरव."

घरी येऊन मी आत्याला बजावलं की आजपासून बिबट्या बंद. ती म्हणाली, "बरं बाबा." त्या दिवशी एक इंग्रज घड्याळ दुरुस्त करायला गेला आणि दुरुस्त करून परत आला. आत्या चौथ्या ओळीला पेंगली, सूप कलंडलं आणि कोंबड्यांची चैन झाली. मला त्या घड्याळाचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. बाहेरून वडील म्हणाले, "त्या शेठला कळवून टाकू का आत्ताच?"

परीक्षा कॅम्पातल्या जुन्या लष्करी बराकीत होती. वर पत्रा, खाली आम्ही. पत्रा असा तापलेला की बाकावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. उतारा समोर आला. मी पहिली ओळ मनात वाचली आणि सवयीनं थांबलो. अर्थ लागेना. पुन्हा वाचली. शुकशुकाट. खुर्ची गेली, असं मी मनाशी म्हटलं. एवढ्यात वर छपराच्या कैचीतून आवाज आला, "हूं."

पारवा होता. घुमत होता.

खोटं वाटेल, पण त्या पारव्यानं ओळीला एक असा हुंकार दिला. अख्खा उतारा मला आरशासारखा लख्ख दिसला. एक म्हातारा भावाच्या घरी जेवायला जातो. निरोप घेऊन निघतो, वाटेत पाऊस लागतो. छत्री तिथेच राहिलेली असते, म्हणून परत फिरतो. खिडकीतून पाहतो तर घरातले सगळे हसत असतात, त्याची खुर्ची उचलून भिंतीला लावलेली असते. तो दार ठोठावायला हात वर करतो, खाली घेतो आणि निघून जातो. प्रश्न : म्हाताऱ्यानं दार का ठोठावलं नाही?

मी बोट ठेवलं. वरपासून खालपर्यंत फिरवलं, खालपासून वर आणलं. उत्तर कुठेच छापलेलं नव्हतं. मास्तरांनी दिलेलं एकुलतं एक हत्यार, तेही बोथट निघालं. वर पारवा हूं हूं करत होता, मग मग करत होता. शेवटी लिहिलं की ओसरीवर बिबट्या बसला होता.

निकाल लागला त्या दिवशी वडील साहेबांकडे गेले नाहीत, सरळ कॅम्पात शेठकडे जाऊन आले. "सोमवारपासून जायचं," एवढंच म्हणाले. मास्तरांनी निरोप पाठवला नाही, मीही त्या रस्त्यानं गेलो नाही.

संध्याकाळी पडवीत जाऊन बसलो. आत्या निवडत होती.

"कुठली गोष्ट आली होती रे?" तिनं विचारलं.

मी सांगितली. जशी छापली होती तशी, पदरचं अक्षर न घालता. आत्यानं एकदाही हूं म्हटलं नाही. मी मात्र थांबलो नाही, शेवटपर्यंत गेलो. तिचं सूप केव्हाच थांबलं होतं.

"आता तू सांग," मी म्हटलं. "त्यानं दार का नाही ठोठावलं?"

तिनं एक खडा उचलला, पाहिला, अंगणात टाकला.

"छत्री आतच राहिली, म्हणजे भिजतच गेला असेल," ती म्हणाली.