तिसरा डबा

माझ्या आतेपुढे गोव्यातल्या आमच्या आमोणे गावात कोणाचंच चालत नसे. देवाचं चालायचं, पण तेही तिने ऐकून घेतलं तर.

काळीज आजारी पडलं तरी तिचा ताठा गेला नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर तिने गोळ्यांसाठी बिस्किटांचे दोन डबे मांडले. एक शहरातल्या मोठ्या इस्पितळाचा, दुसरा डिचोलीच्या आमच्या घरच्या डॉक्टरांचा. 'ही कोणाची?' हे कळल्याशिवाय एकही गोळी तिच्या घशाखाली उतरत नसे. एकदा मी दुकानातून तापाची गोळी आणून दिली, तर तीन दिवस फणफणली पण घेतली नाही. "हिका बापूय ना," म्हणाली; बिनबापाची गोळी तिला चालत नसे.

पुढे एक गोळी खरोखरच बेवारशी निघाली, आणि नेमकी काळजाची. इस्पितळाने ती सुरू केली आणि महिन्याने सांगितलं, आता तुमचे डॉक्टर लिहून देतील. आमचे डॉक्टर म्हणाले, मी सुरू केलेली नाही. कमीजास्त झालं तर जबाबदार कोण? या टोलवाटोलवीत गोळ्या संपल्या. आतेने रिकामं पाकीट एका तिसऱ्या डब्यात ठेवलं. आठवड्यात तिचे पाय सुजले, दोन पायऱ्या चढताना धाप लागू लागली. मी घाबरलो. ती चिडली.

सोमवारी सकाळीच ती डिचोलीच्या दवाखान्यात मला घेऊन जाऊन बसली. "माका तपासूं नाकात. तुमी म्हजेवांगडा इस्पितळात चलात." डॉक्टर हसले, मग रागावले, आणि शेवटी दवाखान्याला कुलूप लावून आमच्याबरोबर बसमध्ये चढले. सोयरीक ठरवायची तर दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवावी लागतात, एवढा साधा तिचा न्याय होता. पण ते दिवस गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी या भांडणाचे. आमचे डॉक्टर कट्टर मराठीवाले, इस्पितळातले कट्टर कोंकणीवाले. नमस्कारातच ठिणगी पडली आणि गोळी राहिली बाजूला. आतेने तिसरा डबा टेबलावर आपटला.

"मराठी काय कोंकणी तें मागीर. आदीं ही गुळी कोणाची तें सांगात. तोपर्यंत हांव हांगाची हालचें ना."

दोघांनी मुकाट्याने एकाच कागदावर लिहिलं. गोळी किती द्यायची ते इस्पितळाने ठरवायचं, दर महिन्याला तपासून चिठ्ठी डिचोलीने द्यायची, आणि काही बदललं तर एकमेकांना कळवायचं. खाली दोन सह्या. दोन्ही देवनागरीत आहेत, हे परतीच्या बसमध्ये मला दाखवून ती धाप लागेपर्यंत हसली.

त्या कागदाच्या जोरावर ती अकरा वर्षं जगली. अखेरच्या आजारात त्याच इस्पितळात होती. नव्या डॉक्टरांनी गोळी बदलली, तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मग मला जवळ बोलावलं.

"आमच्या दोतोराक कळयलां?"

आमचे डॉक्टर चारच दिवसांपूर्वी गेले होते. ते तिला सांगायचा धीर कोणालाच झाला नव्हता.

"कळयलां," मी म्हणालो. "घे म्हणटात."

तिच्याशी मी जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो, आणि हे एक खोटं मला अजून सलतं. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. सही दाखव म्हणाली नाही.