गोवऱ्यांमागची बाजरी

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा... आमचं गाव शनिशिंगणापूर. पाऊस पडावा म्हणून मारुतीच्या देवळात सात दिवसांची पोथी लावली होती आणि मी, वय वर्षं नऊ, महाभित्री, रोज संध्याकाळी आईला चिकटून ऐकायला बसायचे.

पोथी वाचायचे तात्या. गावातले सगळ्यात म्हातारे, पण आवाज खणखणीत. पाचव्या दिवशी त्यांनी कलियुगाचा अध्याय काढला... पाऊस रुसेल, गाई शेळ्यांएवढ्या होतील, माणसं झाडपाला खाऊन जगतील.

एकेक खूण ऐकताना मी आईला आणखी चिकटत होते. कारण आमच्याकडे सगळं होऊन बसलं होतं! वडील आमची गाय घेऊन गुरांच्या छावणीत गेले होते, ती जाताना खरंच शेळीएवढी दिसत होती. पाला तर आम्ही किती दिवस शिजवून खात होतो.

आणि शेवटी तात्या म्हणाले, "आन् आई लेकरापास्नं घास लपवील. तवा समजायचं, कली घरात आला."

मला जरा हायसं वाटलं... आमची आई असलं काही करणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली होती. मी चुलीसाठी गोवऱ्या काढायला गेले, तर गोवऱ्यांच्या मागं, भिंतीला लागून, एक बोचकं. सोडून बघितलं... बाजरी! पायलीभर तरी असेल.

मी तशीच खाली बसले. घरात रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, चालू होती, तीही अर्धी अर्धी भाकरी. धाकटा भाऊ भुकेनं रडला की आई म्हणायची, घरात दाणा न्हाई रं बाळा.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते... आमच्या गावात घरांना दारं नसतात. कडी नाही, कुलूप नाही. शनिदेव राखण करतो, आणि जो खोटेपणा करील त्याचे डोळे जातात, हे आम्हाला बाळकडूबरोबर पाजलेलं. अशा गावात माझ्या आईनं धान्य लपवलं होतं, आणि तेही आमच्यापासून.

संध्याकाळी आई आली ती डोळे चोळत. लालभडक झाले होते, सारखं पाणी गळत होतं. "खडीची धूळ गेली," म्हणाली. मी मात्र थिजले... मला वाटलं, सुरुवात झाली.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? मग कली आमच्या घरात आलाच की!

सातव्या दिवशी पोथीची समाप्ती. त्या दिवशी प्रत्येक घरातून पोथीपुढं मूठभर धान्य ठेवायची रीत. मी हळूच बोचक्यातली ओंजळभर बाजरी परकराच्या ओच्यात घेतली. म्हटलं, देवाला दिलं की आईचं पाप फिटेल, डोळे वाचतील.

सगळ्यांची लाल मिलो आणि मध्येच माझी बाजरी... तात्यांचं वाचन थांबलं. त्यांनी चार दाणे उचलले, बोटांत चोळले, बोटांना लागलेली राख बघितली. "कुनी आनलं ह्ये?"

मी रडतच ओरडले, "आईनं लपवलं हुतं! पर तिचं डोळं नका घालवू..."

सगळ्या गावासमोर. आईकडे बघायची माझी छाती झाली नाही.

आई उठली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "बियानं हाय, तात्या. कीड लागू नये म्हनून राख लावून मिरगाला पेराया ठिवलंय. पोरांपास्नं न्हाई लपवलं... माझ्यापास्नं लपवलं. पोरगं रडाया लागलं की जात्याकडं माझाच हात गेला असता."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "माझंबी हाय, भुईत पुरलंय." आणखी एक बाई मान खाली घालून म्हणाली, "माझं माळ्यावर."

देवापुढं ठेवलेलं परत नेत नाहीत. तात्यांनी आपलं उपरणं पसरून दाणा न् दाणा वेचत माझी बाजरी त्यात बांधली आणि आईच्या हातात दिली. "ह्यो परसाद समज. खायाचा न्हाई, पेरायचा."

मला जवळ घेऊन म्हणाले, "कली सरल्यावर पुन्हा सत्ययुग येतं, ह्ये पोथीत हाय. पर तवर बी कुनीतरी राखाया लागतं, पोरी. आन् आईनं घास लपवायचं त्ये पोथीत न्हाई... त्ये म्या पदरचं घातलं हुतं." एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यासमोर स्वतःचे कान धरले.

आई मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त घरी आल्यावर तिनं बोचकं परत गोवऱ्यांमागं ठेवलं नाही. चुलीशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं.

पुढचे दीड महिने ते तिथंच होतं. भाऊ रडायचा, मी बोचक्याकडे बघायचे, आई मिलो थापायची... आणि मला आईची नव्हे, माझ्या स्वतःच्या हाताची भीती वाटायची.

आईचे डोळे शाबूत राहिले, म्हातारपणीही सुईत दोरा ओवायची. परवा एकानं जगबुडीच्या भाकिताचा मेसेज पाठवला तेव्हा ही सगळी गोष्ट आठवली. मी अजूनही तेवढीच भित्री आहे हो... पण त्या वर्षी पेरणीच्या दिवशी आईनं बोचकं माझ्याच हातात दिलं होतं, आणि त्यातला एक दाणाही कमी झालेला नव्हता.