माझं तिसरं वर्ष

नीटच्या पेपरला माझ्या हातात चुकीची उत्तरपत्रिका पडली. प्रश्नपत्रिकेवर एक कोड, उत्तरपत्रिकेवर दुसराच. ते लक्षात आलं तेव्हा बायोलॉजीचे अर्धे गोळे रंगवून झाले होते. पर्यवेक्षक मॅडमनी दुसरी आणायला वीस-पंचवीस मिनिटं लावली. वाढीव वेळ मागितला तर म्हणाल्या, "आवाज करू नको, बाकीच्यांना त्रास होतोय." फिजिक्सचे शेवटचे प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत.

सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं.

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी दोन वर्षं काढली, तिथल्या सरांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पप्पांना हदगावला फोन केला. "रिपीटर बॅच सोमवारपासून आहे. तिचं नाव टाकून ठेवलंय. एक वर्ष म्हणजे काहीच नाही."

फोन स्पीकरवर होता. मी मध्येच बोलले, "सर, चूक त्यांची होती."

"अगं, डोकं शांत ठेवणं हासुद्धा परीक्षेचाच भाग असतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र्याच्या खोलीत, दिवाळीलाही घरी न जाता दोन वर्षं काढली होती मी. तिसरं यांनी मला न विचारताच लिहून टाकलं!

पप्पांनी फोन ठेवला. "तू सांग माय. परत द्यायची का न्हाई परीक्षा?"

"आधी नांदेडला चला," मी म्हणाले.

परीक्षा नांदेडच्या एका शाळेत झाली होती. तिथल्या प्राचार्यांनी माझा अर्ज वाचून मॅडमना बोलावलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "असं काही झालंच नाही. मुली घाबरतात, मग आमच्यावर ढकलतात."

पप्पांनी अर्जाची पोच मागितली. प्राचार्य हसले. "पोच कशाला? पुढच्या वर्षी द्या की परत. हुशार दिसते पोरगी."

पप्पा एसटीत कंडक्टर. भांडखोर प्रवाशावरही त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. त्यांनी टेबलावर हात आपटला. "लेकराचं वरीस खाल्लं तुम्ही, अन् वर हसून राहिले!" शिपायानं आम्हाला बाहेर काढलं. पोच मिळाली नाहीच.

फाटकाबाहेर उभ्या उभ्या मी ठरवलं, परीक्षा परत द्यायची, पण त्या क्लासला जायचं नाही. सरांना मीच तसं कळवलं आणि घरीच अभ्यासाला बसले. रागाच्या भरात अभ्यास होतो म्हणतात, ते साफ खोटं. कित्येकदा एकच पान तासभर समोर असायचं आणि मी मनातल्या मनात त्या मॅडमशी भांडत असायचे.

तरी पुढच्या वर्षी नंबर लागला. आठवड्यातच लातूरहून मैत्रिणीनं फोटो पाठवला. क्लासच्या बोर्डावर मी! पप्पांना घेऊन मी सकाळच्याच गाडीनं लातूर गाठलं.

"अगं, आमचीच विद्यार्थिनी ना तू?" सर म्हणाले.

"हे वर्ष माझं होतं, सर. बोर्डावरून फोटो काढा, नाहीतर इथंच बसते."

ऑफिसात नव्या प्रवेशासाठी आलेले आईबाप माना वळवून बघत होते. सरांनी तासाभरात फोटो उतरवला.