पहिले पाय बघ

"भिया, पहिले पाय बघ." कासव दिसलं की काका मला हेच म्हणायचे. कासव नसलं तरी म्हणायचे. माझ्या भाचीला स्थळ आलं, तेव्हा बैठकीत सगळे मुलाचा पगार विचारत होते आणि काका त्याच्या झिजलेल्या चपलांकडे बघत होते. "चालणारा माणूस आहे, बिल्कुल हो म्हणा," असा निकाल दिला. भाची आज सुखात आहे.

विजय नगरात आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहायचे. सगळी नोकरी वनखात्यात रान तुडवत नकाशे काढण्यात गेली, जीव मात्र कासवांवर. एकच गोष्ट दहादा सांगणारा असा शेजारी तुम्हालाही भेटला असेल. आपण मान डोलावतो आणि ऐकत नाही. मी बारा वर्षं मान डोलावली.

मागच्या उन्हाळ्यात काका दवाखान्यात होते, तब्येत फार खालावली होती. तेव्हाच एका सकाळी सोसायटीच्या बागेत कासव निघालं. बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं. मी पिशवीत घालून स्कूटरवर नेलं, बेटम्याच्या वाटेवरच्या तलावात, चांगलं खोल पाणी बघून सोडलं आणि हात जोडले. काका खूश होतील म्हणून तसाच दवाखान्यात गेलो.

ऐकून ते खरंच उठून बसले. पाठ कशी होती, म्हणाले. मी सांगितलं, काळी, उंचवट्यांची, आणि प्रत्येक उंचवट्यावरून पिवळ्या रेघा फुटलेल्या, चांदणी काढल्यासारख्या.

"आणि पाय?"

आठवून सांगितलं, जाड, हत्तीसारखे.

काकांनी न रागावता समजावलं. पाण्यातल्या कासवाचे पाय चपटे, बोटांत पडदा असलेले; असे खांबासारखे पाय म्हणजे ते रानातलं कासव. कोरडं झुडपी रान, गवत, काटेरी झाडांची सावली, हेच त्याचं घर, आणि अशी रानंही आता थोडीच उरली आहेत. कोणीतरी चोरून पाळलेलं असणार.

"त्याला तैरता येत नाही, भिया. जाऊन बघ."

ऊन उतरेपर्यंत मी तो तलाव चाचपला. कासव मिळालं नाही.

संध्याकाळी त्यांना म्हटलं, "मिळालं, काका. काठावरच बाभळीखाली होतं. गवत खात होतं."

सवयीप्रमाणे त्यांनी माझे पाय बघितले. पँटला मांडीपर्यंत चिखल होता. काठावरच्या कासवासाठी कोणी एवढ्या पाण्यात उतरत नाही, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"अच्छा झालं," ते म्हणाले आणि माझा हात थोपटला.

दोन दिवसांनी काका गेले. शेवटचं पाया पडायला वाकलो, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचे पाय नीट बघितले. भेगाळलेले, कोरडे पाय होते. मला तिथून उठवेना.