सलूनवाल्याचा आठवडा आणि टिंगीची सुई

सलूनवाल्याला वार विचारला तर तो दोनच सांगायचा: दुकान उघडं आणि दुकान बंद. बाकी वारांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

त्याची लेक टिंगी आठ वर्षांची, पण दिसायला जेमतेम पाचाची. वाढीचं हार्मोन तिच्या अंगात पुरेसं तयारच होत नव्हतं. म्हणून तो रोज संध्याकाळी तिला इंजेक्शन द्यायचा. दिवसभर परक्यांच्या गळ्यावर बिनघोर वस्तरा फिरवणारा हात लेकीच्या मांडीपाशी आला की दोनतीनदा माघारी फिरायचा. बायको देवाला हात जोडायची आणि टिंगी बापाच्या नावाने खडे फोडायची.

मग डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं आणि घरादाराचा जीव भांड्यात पडला. वार अर्थातच दुकान बंद असायचा तो ठरला.

"एकदा जरी विसरलात ना, तर परत रोजचं सुरू करायला लावीन," बायकोने तंबी दिली.

पुढे ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली. त्याच आठवड्यात पलीकडचं सलून रंगकामासाठी बंद राहिलं आणि इकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडं. दुकान उघडं म्हणजे याच्या लेखी तो वार आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी एकाची दाढी करता करता त्याला एकदम फ्रिजमधलं इंजेक्शनचं पेन आठवलं. त्याने वस्तरा ठेवून फोन लावला.

"आजच द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं नेहमीच्या वारी. भरपाई म्हणून जास्त देऊ नका."

"अहो, हा गाल कुणासाठी राखून ठेवलात?" गिऱ्हाईक म्हणालं.

तो गाल कसाबसा उरकून तो घरी धावला.

"टिंगे, काल इंजेक्शन राहिलं गं."

"माहितीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, विसरताय तर विसरू दे." मग तिचा चेहरा उतरला. "बाबा, आता परत रोजचं?"

"ते आईला विचारायला हवं."

"तुम्हीच सांगा तिला. तुम्ही मोठे आहात."

त्याने फोनवर सगळं सांगून टाकलं.

"देवाने बापलेकीला एकाच मातीतून घडवलंय," बायको म्हणाली. "बोलत काय बसलात? आधी टोचा."

टोचून होईपर्यंत ती फोनवर देवाचं नाव घेत राहिली. रोजच्या सुईचा विषय मात्र तिने काढला नाही, आणि या दोघांनीही तिला आठवण करून दिली नाही.