अलीशबाची स्लाइड

दूध तापवण्याआधी ती हुंगायची. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख उजेडात धरून वाचायची. वाचनालयात पुस्तक घेण्याआधी शेवटचं पान जागेवर आहे ना ते बघायची. रक्त घेण्याआधी प्रत्येकाला नाव विचारायची, स्वतःच्या आईलाही.

"नाव?"

"साजिदा. नऊ महिने पोटात होतीस माझ्या."

"पूर्ण नाव सांग, अम्मी."

आणि लॅबमध्ये दिवसभरात दोन घोटांपलीकडे पाणी प्यायची नाही. स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर होतं, सगळ्या गाळ्यांना मिळून एक. त्याच्या कडीवर तिचा विश्वास नव्हता.

अलीशबा महाडच्या बाजारातल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. वय सव्वीस. मी पोलादपूरची, मराठी घेऊन एम.ए. केलेली. आमची ओळख त्या वाचनालयातली.

तिचा संशय उगाच नव्हता. गेल्या वर्षी मशीनने आनंदीबाई नावाच्या एका बाईंच्या प्लेटलेट अकरा हजार दाखवल्या. घरचे रडायला लागले, मुंबईसाठी गाडी ठरली. अलीशबाने रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. नळीत रक्ताची गाठ झाली होती, प्लेटलेट ठीक होत्या. "मशीनला जे दिलं तेच ते मोजतं," ती म्हणाली. "काचेवर बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

मार्चमधल्या एका सोमवारी तिला थंडी वाजून ताप आला. कमरेच्या वर, उजवीकडे दुखत होतं. चार दिवस लघवीला जळजळ होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळी तिच्या लॅबमधली रूपाली घरी येऊन रक्त घेऊन गेली.

"नाव विचार," अलीशबा तिला म्हणाली.

"मॅडम, रोज तुमच्यासोबत डबा खाते मी."

"विचार."

मी दहाच्या सुमारास पोचले तेव्हा साजिदाचाची खुशीत होत्या. "ताप गेला गो. हात लावून बघ, थंडगार हाय."

हात खरंच थंड होता. श्वास मात्र जिना चढून आल्यासारखा चालला होता. तेवढ्यात फोनवर रिपोर्ट आला. धाकट्या भावाने, फुरकानने, तो मोठ्याने वाचला. पांढऱ्या पेशी दोन हजार नऊशे.

"चार हजारांच्या पण खाली," तो म्हणाला. "वाढल्या नाय, म्हणजे जंतूच नाय. आपा, फुकट घाबरवलंस."

अलीशबा हसली नाही. "नळीत गाठ झाली असेल. नाहीतर..."

"नाहीतर काय?" मी विचारलं.

"स्कूटी काढ, श्रुतिके."

मला वाटलं, दवाखाना. चौकात ती म्हणाली, "आधी लॅब." मी स्कूटी लॅबकडे वळवली.

तिने स्लाइड स्वतः रंगवली. शेजारी काउंटर ठेवला. पेशीच्या प्रकाराप्रमाणे कळ दाबायची, शंभर पेशी झाल्या की घंटी वाजते. ती मोजायला लागली. मी स्टुलावर बसून टकटक ऐकत होते.

"गाठ नाही," ती म्हणाली. "मशीन बरोबर आहे." टक. "पेशी कच्च्या आहेत. हाडातल्या मगजातून घाईने बाहेर काढल्यात." टक, टक.

"पिकलेल्या कुठे गेल्या?"

"लढून संपल्या, नाहीतर रक्तातून बाहेर पडून अवयवांत घुसल्या."

"घुसून काय करतात?"

"जंतू मारतात. आणि सोबत मलाही." हे तिने पेशंटला रिपोर्ट कधी मिळेल ते सांगायच्या आवाजात सांगितलं. "पेशी एकमेकींना बोलवायला रसायनं सोडतात. ती अंगभर पसरली की रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरतात. प्रेशर खाली जातं. ताप गेला म्हणून हात थंड नाहीयेत, श्रुतिके. हातापर्यंत रक्तच येत नाहीये."

"मग चल ना."

"शंभर होऊ देत. अर्धवट मोजणी मी मानत नाही."

थोड्या वेळाने टकटक थांबली. तिचं कपाळ सूक्ष्मदर्शकावर टेकलं होतं. मला वाटलं, नीट बघतेय.

दवाखान्यात डॉक्टरांनी जंतू तपासायला रक्त घेतलं, लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. सलाइनवर सलाइन लावलं, प्रेशर सत्तरच्या वर जाईना. मग पनवेल. तिथे प्रेशर वाढवायचं औषध सुरू झालं. मूत्रमार्गात खडा अडकला होता, मागे पू साठला होता. नळी घालून पू काढला. तिथल्या डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "पहिलं इंजेक्शन किती वाजता?"

अकरा पन्नास. लॅबमध्ये आमची पस्तीस मिनिटं गेली होती. तेवढ्याने फरक पडला असता का, मी विचारलं. "तसं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच असं सांगत असाव्यात, असा मला संशय आहे.

आठव्या दिवशी तिने डोळे उघडले. तोंडात नळी होती. नर्स नवी बाटली लावायला आली तेव्हा तिने बाटलीवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं. नर्सला कळेना. मी चिठ्ठीवरचं तिचं पूर्ण नाव वाचून दाखवलं. मग तिने हात खाली घेतला.

बाराव्या दिवशी फुप्फुसात दुसराच जंतू सापडला. डॉक्टर म्हणाल्या, आधी बेफाम झालेली प्रतिकारशक्ती आता थकली आहे. पेशी मोजल्या तर पुरेशा आहेत, काम करत नाहीत. चौदाव्या दिवशी अलीशबा गेली.

फुरकानला दवाखान्याचा संशय आहे. चाचींना एका लग्नातल्या जेवणाचा. मी लॅबच्या खालच्या मजल्यावर जाऊन स्वच्छतागृहाची ती कडी बघितली. नीट लागते. तीनदा लावून बघितली.

मग वर गेले. रूपालीने काउंटरवर कापड टाकलं होतं. तिने ते उचललं. एकसष्ट. शेजारी स्लाइड, त्यावर अलीशबाच्या अक्षरात तिचंच पूर्ण नाव.

"उरलेल्या एकोणचाळीस मला मोजता येतील," रूपाली म्हणाली.

"मग मोज."

"माझ्या मोजणीवर मॅडमनी सही केली नसती."

तिने कापड परत टाकलं. काउंटर शून्यावर आणलेला नाही.